मुका खोकला

खोकला म्हटला की आवाज आलाच, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही चाळीत राहिलेले नाही. आमच्याकडे खोकल्याचे दोन प्रकार होते. एक पुरुषांचा. तो गॅलरीत उभं राहून, लुंगीची गाठ सांभाळत, तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल असा करायचा. दुसरा बायकांचा. तो कुणाला ऐकू जायचा नाही. तोंड मिटायचं, पदराचं टोक दातांत धरायचं, श्वास अडवून आतल्या आत दोन-तीन हिसके द्यायचे आणि वर आलं असेल ते आवंढ्याबरोबर गिळून टाकायचं. डोळ्यांत पाणी येतं, ते कांद्यावर ढकलायचं. ह्या दुसऱ्या प्रकारात मी इतकी तरबेज होते, की इतकी वर्षं शेजारी झोपणाऱ्या माझ्या नवऱ्यालाही मी किती खोकते ह्याचा पत्ता नव्हता.

हे शिक्षण मला परळला माहेरीच मिळालं. वडील गिरणीत तिसऱ्या पाळीला. सकाळी घरी यायचे, पेज जेवायचे आणि पंख्याखाली आडवे व्हायचे. एका खोलीत आम्ही सात माणसं. त्यातला कमावता माणूस दिवसा झोपलेला, म्हणजे बाकीच्यांनी भांडंसुद्धा कसं ठेवायचं ह्याची रीत ठरलेली. आई डाळीला फोडणी द्यायची ती झाकण आधी आणि मोहरी मागाहून, अशी. अशा घरात मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी टीबी झाला. औषधांचा कोर्स पुरा केला, बरी झाले, वजन भरलं. पण खोकला काही पुरता गेला नाही, आणि तो कुणाला ऐकू जाऊ द्यायचा नाही, हे आईला मला निराळं सांगावं लागलं नाही. लग्नाची मुलगी खोकते म्हटल्यावर काय होतं, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. कोण खोकतंय गो, म्हणून दोन खोल्या सोडून काढा यायचा आणि काढ्याच्या मागून बातमी जायची.

मग लग्न होऊन लालबागला आले. ह्यांना मी टीबीचं आधीच सांगितलं होतं. हे म्हणाले, "बरा झाला ना? मग झाला." विषय संपला. पण खोली तशीच, माणसं तितकीच, त्यामुळे खोकलाही मुकाच राहिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. फक्त इथे तोंडही माझं आणि बुक्केही माझेच.

आता चाळ पाडून टॉवर झालाय. आम्हाला सोळाव्या मजल्यावर दोन खोल्या आणि हॉल मिळालाय. माझी हिंदमाताची नोकरी अजून चालू आहे. साड्यांच्या दुकानात काउंटरच्या आत उभी असते. नऊवारी असो की डिझायनर, खांद्यावर टाकून दाखवायचं काम माझं. दुकानात खोकला आला तर मी नवीन ठाण काढायला खाली वाकायची, काउंटरच्या मागे हिसके उरकून साडीसकट वर यायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, काय मेहनती बाई आहे.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि माझ्या लेकीला दिवस गेले.

लेक आमची एकुलती. दिली दादरला, पश्चिमेला. माणसं चांगली, शिकलेली. विहीणबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या तरी डोळे अजून वर्गावरून फिरतात तसे फिरतात. त्यांनी पाचव्या महिन्यातच हौसेने डोहाळजेवण केलं. हॉल घेतला, फुलांची वाडी भरली, लेकीला धनुष्यबाण देऊन झोपाळ्यावर बसवली. फुलांचा वास, अगरबत्त्या आणि वर एसी. माझ्या छातीत जे काय बसलेलं होतं ते उठून उभं राहिलं. ओटी भरताना एकदा, गाणी चालू असताना एकदा आणि फोटोच्या वेळी एकदा, असा तीनदा मी पदर तोंडात घेतला आणि काम उरकलं. एक आवाज बाहेर पडला नाही. मला स्वतःचं कौतुकच वाटलं. लेकीचा कार्यक्रम, व्याह्यांची माणसं, त्यात आपलं खोकणं नको.

दोन दिवसांनी लेकीचा फोन आला.

"आई, चिडू नकोस हं. सासूबाई म्हणताहेत की डिलिव्हरी इकडेच करूया."

"इकडे म्हणजे कुठे?"

"दादरला. त्यांच्याकडे. मग बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की तुझ्याकडे येऊ."

"का?"

ती म्हणाली, "तुझी तब्येत बरी दिसली नाही म्हणे त्यांना."

मी चिडू नको म्हटल्यावर चिडत नाही असं कधी झालेलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही काही मी काढलेली रीत नाही. माझ्या आईने ते सात माणसांच्या खोलीत केलं होतं, साडीचा आडपडदा लावून. आणि आता माझ्याकडे चांगली दार लावता येणारी बेडरूम असताना माझी लेक दुसरीकडे बाळंत होणार? मी ह्यांच्यावर ओरडले, भांड्यांवर ओरडले, दूरदर्शनवर बातम्या देणाऱ्या बाईवर ओरडले. हे म्हणाले, "जाव दे गो, मागाहून येतली." तेव्हा तर मी रडलेच. मला ते बाळ पहिल्या दिवसापासून हवं होतं. तेल लावायला, न्हाऊ घालायला, धुरी द्यायला. मागाहून येतली ह्याला काय अर्थ आहे? बाळ मागाहून नवीन राहत नाही.

रडून झाल्यावर मी ठरवलं की डॉक्टरकडून कागद आणायचा. ह्या बाईला संसर्गाचं काही नाही, असा. तो विहीणबाईंच्या हातात ठेवायचा आणि लेकीला घेऊन यायचं.

परळला एका मोठ्या इस्पितळात छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी स्टेथोस्कोप पाठीला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग सीटी स्कॅन केला, थुंकी तपासली, फुंकायच्या यंत्रात फुंकायला लावलं. सगळे रिपोर्ट आल्यावर म्हणाले, "टीबी नाही. आता अजिबात नाही. पण तो जाताना फुप्फुसाच्या खालच्या नळ्या रुंद करून गेलाय. ह्याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. नळ्या अशा सैल पडल्या की कफ आपणहून वर येत नाही, तिथेच साचतो. साचलं की जंतू येतात, जंतू आले की नळ्या आणखी सैल होतात."

"दुसऱ्याला लागतं का हे?" मी विचारलं. मला तेवढंच हवं होतं.

"हे नाही लागत. सर्दी-ताप झाला तर तो लागेल, जसा कुणाचाही कुणालाही लागतो."

"मग तेवढं लिहून द्या."

डॉक्टर हसले. "लिहून देतो. पण कागदाने कफ निघत नाही, बाई. तो रोज काढावा लागेल. केर काढता ना रोज, तसा." आणि त्यांनी मला खालच्या मजल्यावर फिजिओथेरपीला पाठवलं.

कागदाचा फोटो मी त्याच दुपारी लेकीमार्फत विहीणबाईंना पाठवला. उत्तर आलं, "बरं. बघू." शाळेत मुलाने गृहपाठ विसरल्याचं कारण सांगितलं की ज्या सुरात म्हणत असतील, त्याच सुरातलं ते बघू.

फिजिओथेरपीची मुलगी गिरगावातल्या जुन्या ख्रिस्ती वाडीतली. केस बॉबकट, मराठी अस्सल, मध्येमध्ये हिंदी. मला आंटी म्हणायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "आंटी, खोकून दाखवा."

मी दाखवलं.

ती वाट बघत राहिली. "खोका ना."

"झालं की."

"कधी?" तिने खुर्ची पुढे ओढली. "परत करा. माझ्याकडे बघून."

मी परत केलं. ह्या वेळी तिने माझ्या तोंडाकडे न बघता गळ्याकडे बघितलं. मग तिने शेजारच्या टेबलावरच्या दुसऱ्या मुलीला हाक मारली आणि मला म्हणाली, "आंटी, प्लीज, अजून एकदा." मी अजून एकदा केलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं, काहीतरी भारी जमलंय आपल्याला.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. आमच्याकडे असंच खोकतात."

"आंटी, तुम्ही खोकत नाही. खोकला आला की तुम्ही दार लावून घेता. कफ एवढी मेहनत करून वरपर्यंत येतो आणि तुम्ही त्याला परत घरी पाठवता! निम्मा पोटात, निम्मा खाली. इतकी वर्षं तोच कफ वरखाली करतोय." 

मला हसूही आलं आणि रागही आला. आपल्या एका गुणाचं कौतुक व्हावं म्हणून उभं राहावं आणि तोच दोष निघावा, असं झालं.

मग तिने मला शिकवायला घेतलं. आधी नुसता शांत श्वास, खांदे सैल, पोट वरखाली. मग खोल श्वास, आत जरा धरायचा आणि सोडून द्यायचा, म्हणजे हवा कफाच्या मागे जाते. मग परत शांत. आणि त्यानंतर हफ. हफ म्हणजे खोकला नव्हे. चष्म्याची काच पुसायला आपण तोंड उघडून वाफ सोडतो ना, तशी सोडायची, पण पोटाने जोर देऊन. अर्धाच श्वास घेऊन लांब हफ केला की खोलातलं हलतं. भरपूर श्वास घेऊन आखूड, जोरकस केला की वर आलेलं सुटतं. मग एक खरा खोकला, आणि बाहेर. गिळायचं नाही, झाकणाच्या डबीत थुंकायचं. रंग बघायचा. पांढरा असेल तर ठीक, हिरवा-पिवळा वाढला तर डॉक्टरांना फोन.

सांगायला सोपं. पण माझ्याने तोंड उघडेना. श्वास घेतला, पोट आवळलं, आणि ओठ आपोआप मिटले. हात पदराकडे गेला. तिने माझा हात धरून मांडीवर ठेवला. परत तेच. चार लोकांच्या देखत कवळी काढून धुवायला सांगितली असती तर एवढी लाज वाटली नसती.

"आंटी, काम काय करता तुम्ही?"

"साड्या विकते. हिंदमाताला."

"मग गिऱ्हाईक निघून चाललं की काय करता?"

"ओरडते. ताई, बघून तरी जा!"

"आवाज कुठून निघतो?"

मी पोटावर हात ठेवला.

"बस. तिथूनच. फक्त शब्द नको, वारा सोडा."

मी निघून चाललेल्या गिऱ्हाइकाची कल्पना केली. सगळी ठाणं उलगडायला लावून, काही न घेता, वर "कलर नाहीत तुमच्याकडे" म्हणून जाणारं एक ठरावीक गिऱ्हाईक डोळ्यांपुढे आणलं. आणि असा हफ सोडला की तिच्या टेबलावरचा कागद उडाला. त्यामागून जो खोकला आला तो मला स्वतःलाच अनोळखी होता. मोठा, फाटका, पुरुषी. त्यामागून जे आलं त्याचं वर्णन करत नाही. पण इस्पितळाच्या पायऱ्या उतरताना जो श्वास घेतला तो खालपर्यंत गेला. फुटपाथवर उभी राहून मी नुसते श्वास घेत होते. वडापाववाल्याला वाटलं, मी वासावरच भागवतेय.

घरी रोजची शाळा सुरू झाली. सकाळी चहाच्या आधी खारट पाण्याची वाफ देणारं मशीन लावायचं. मग फुंकायची एक छोटी डबी, तिच्यात लोखंडी गोळी. फुंकलं की गोळी थडथडते आणि छातीतही तशीच थडथड होते. मग उशा कमरेखाली घेऊन कुशीवर, म्हणजे खालचा भाग वर येतो आणि कफाला उताराचा रस्ता मिळतो. ॲसिडिटी आहे का हे त्या मुलीने आधी विचारून घेतलं होतं, असली तर डोकं खाली घ्यायचं नसतं. आणि हवं तर कुणाकडून तरी पाठीवर थापट्या. नुसता तळवा मारायचा नाही, ओंजळीसारखा खोलगट करायचा, पाठीवर टॉवेल टाकून, कण्यापासून दूर.

हे काम ह्यांच्याकडे गेलं. हे भजनी मंडळात ढोलकी वाजवतात. झालं! पहिल्या दिवशी चार थापट्या नीट मारल्या, पाचवीपासून ठेका धरला. माझी पाठ, आणि हे डोळे मिटून मान हलवताहेत.

"अहो, आरती नाही चाललेली!"

"लागता काय गो?"

"लागत नाही. पण तुम्ही मध्येच थांबता ते कशाला?"

"सम इली," हे म्हणाले.

मी हसले, आणि हसताना जो खोकला सुटला त्याने अर्ध्या तासाचं काम एकदम केलं. तेव्हापासून मी ह्यांना वाजवू देते.

आवाजाचं मात्र अवघड होतं. पहिले काही दिवस मी टीव्ही मोठा करून खोकायची. तरी टॉवरमध्ये स्वयंपाकघराच्या मागची जी मोकळी जागा असते तिच्यातून आवाज वरखाली गेलाच. आमची जुनी चाळच त्या टॉवरमध्ये उभी करून ठेवलेली. तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आलं, "कोण खोकतय? काळजी घ्या." दुपारी चौदाव्या मजल्यावरची जुनी शेजारीण काढा घेऊन हजर. ज्या काढ्याला मी जन्मभर घाबरले तो शेवटी आलाच. मी तिला आत बसवून सगळं सांगितलं, टीबीसकट. ती काढा स्वतःच पीत म्हणाली, "अगो, माका वाटला तू कुत्रो पाळलंस." एवढंच. माझ्या चाळीस वर्षांच्या भीतीची किंमत एक कुत्रा निघाली.

छाती हलकी होत होती. दुकानात माझं वाकणं बंद झालं. जिना चढताना थांबेनाशी झाले. पण दादरहून काही हालचाल नव्हती. दिवस पुढे सरकत होते. आठव्यात पोटुशीला हलवत नाहीत, म्हणजे माझ्या हातात सातवा संपेपर्यंतच वेळ. लेकीला विचारलं की ती म्हणायची, "आई, मी दोघींच्या मध्ये काय बोलू?" तिचंही खरं होतं.

आणि मग विहीणबाईंनी कळवलं की रविवारी लेकीला घेऊन येते, तुमचं नवीन घर नीट बघितलेलं नाही. मी ओळखलं की तपासणी आहे. शनिवारी घर घासूनपुसून लख्ख केलं. रविवारी पहाटे उठून छातीचं उरकून घेऊ, म्हणजे त्या यायच्या वेळी मी कोरडी ठणठणीत, असा बेत होता. पण सकाळी सोलकढीचा नारळ फोडण्यात आणि वडे थापण्यात वेळ गेला, आणि मशीन लावायलाच उशीर झाला. त्यात विहीणबाई शाळेच्या शिस्तीच्या. सांगितलेल्या वेळेच्या आधी पोचल्या.

बेल वाजली तेव्हा मी बेडरूममध्ये कमरेखाली उशा घेऊन आडवी, आणि हे ठेक्यात. हे तसेच खांद्यावर टॉवेल टाकून दार उघडायला गेले. हॉलमधून आवाज आले. मी उठून बसले. आणि नेमकं तेव्हाच, अर्धवट हललेलं सगळं एकदम घशाशी आलं.

दारात विहीणबाई उभ्या. मागे माझी लेक, पोट पुढे, चेहरा भेदरलेला.

काय केलं असेन मी? इतके आठवडे शिकले होते. पण पाहुणा दारात बघितल्यावर हात आपोआप गेला. पदर दातांत, हिसका, आवंढा. आणि वर हसले. "या ना, या."

विहीणबाईंचा चेहरा बंद झाला. खिडकी लावावी तसा. मी तो चेहरा बघितला आणि माझ्या लक्षात आलं की डोहाळजेवणाच्या फोटोत त्या माझ्याकडे ह्याच चेहऱ्याने बघत होत्या. बाळ हातचं गेलं आता, असं मला वाटलं. आणि त्याबरोबर डोकं फिरलं. जायचंच असेल तर आवाज करून जाऊ दे.

"बसा विहीणबाई," मी म्हटलं. "माझं काम अर्ध्यावर आहे. ते मी पुरं करणार. ऐकवत नसेल तर हॉलमध्ये बसा, पण मी दार लावणार नाही."

त्या कुठे गेल्या नाहीत. तिथेच खुर्ची ओढून बसल्या. मी श्वास घेतला, हफ केला, परत केला, आणि मग असा खोकले की आरशावरच्या टिकल्या हलल्या असतील. डबीत थुंकले, झाकण लावलं, हात धुऊन आले. लेक रडायच्या बेतात होती. हे टॉवेलच्या घड्या घालत होते, एकाच टॉवेलच्या.

"हे तुम्ही रोज करता?" विहीणबाईंनी विचारलं.

"रोज. दोनदा."

"मग डोहाळजेवणाला का नाही खोकलात?"

"तिथे? तुमच्या पाहुण्यांत?"

"तुम्ही तीनदा पदर तोंडात कोंबलात. मी बघत होते. माणूस खोकला आला तर खोकतो. तुम्ही तो दाबत होतात. मला वाटलं, ह्या बाई आपल्यापासून काहीतरी लपवताहेत. आणि मग न मागता रिपोर्ट पाठवलात, तेव्हा तर खात्रीच झाली. खाई त्याला खवखवे, असं वाटलं मला. स्पष्टच सांगते."

"अहो, मी लपवत नव्हते! तुमचा कार्यक्रम सांभाळत होते!"

हे ऐकून त्यांचे खांदे हलायला लागले. बाई हसत होत्या. आवाज न करता, तोंडावर रुमाल धरून. मी म्हटलं, "बघा, तुम्ही पण!" तेव्हा मात्र त्या मोठ्याने हसल्या, आणि लेक खरंच रडली.

चहा घेताना मी टीबीचंही सांगून टाकलं. त्या गंभीर झाल्या. "हे लग्नाच्या वेळी सांगायला हवं होतंत."

"माझं होतं ते, लेकीचं नाही. आणि सांगितलं असतं तर लग्न केलं असतंत?"

त्यांनी कपाकडे बघत विचार केला. "माहीत नाही," म्हणाल्या. मला ते उत्तर आवडलं. खोटं गोड बोलल्या असत्या तर मी विश्वास ठेवला नसता.

"आणि सर्दी-ताप आला तुम्हाला तर?"

"तर मास्क, आणि बाळाच्या खोलीत पाऊल नाही. तुम्हालाही तोच नियम. भेटायला याल तेव्हा नाक गळत असेल तर लिफ्टमधूनच परत."

"मंजूर," विहीणबाई म्हणाल्या. मग जेवायला बसल्या, तीन वडे खाल्ले, आणि उठताना म्हणाल्या, "आठव्यात हलवत नाहीत. सातवा सरायच्या आत घेऊन या तिला."

मी त्यांना हिंदमाताहून आणून ठेवलेली साडी दिली. त्यांनी पदर उलगडून बघितला आणि काठ जरा भडक आहे म्हणाल्या. मुख्याध्यापिका ती मुख्याध्यापिकाच.

लेक आली. दोन-अडीच महिने राहिली, हवं-नको ते मागून खाल्लं, बापाला सकाळी तालात चुकला म्हणून टोकू लागली. आणि मग नात झाली. घरी आणली त्या दिवशी सोळाव्या मजल्यापर्यंतच्या सगळ्या बायका तिला बघायला आल्या, आणि मी प्रत्येकीचं नाक बघून आत सोडलं.

बाळ घरात म्हणजे घर परत गप्प झालं. ती झोपली की आम्ही चपला हातात घेऊन चालायचो. मी सकाळी मशीन घेऊन स्वयंपाकघरात जायची, दार लावायची, दाराच्या फटीखाली पायपुसणं सारायची. हफ हळू करायची. मग आणखी हळू. कधी त्याचा नुसता उसासा झाला, माझं मलाच कळलं नाही. छाती परत जड वाटायला लागली. पण मी म्हटलं, होतील चार महिने कसेतरी. पोर झोपलीय.

एका सकाळी मी अशीच ओट्यापाशी उभी, पदर हातात, तोंड मिटलेलं. दार उघडलं. दारात लेक, खांद्यावर किरकिरून नुकताच डोळा लागलेलं बाळ.

"आई, काय चाललंय हे?"

मी खूण केली, हळू बोल, उठेल.

ती हळू बोलली नाही. "दोन दिवस झाले, ही सकाळी किरकिरते. बाबा म्हणतात पोट दुखत असेल. माझ्या आत्ता लक्षात आलं. पोटात होती तेव्हा हिने रोज सकाळी काय ऐकलं? बाबांचा ठेका आणि तुझा खोकला. तू परत आवाज खाल्लास म्हणून हिला सकाळ झालेली कळत नाहीये."

"काहीतरीच तुझं."

"मग बघूया ना," लेक म्हणाली. ती ओट्यापाशी आली, माझ्या हातातला पदर काढून घेतला आणि नातीला माझ्या अगदी समोर धरून उभी राहिली. "खोक."

मी नातीकडे बघितलं. मुठी वळलेल्या, ओठ हलत होते, कपाळाला बारीक आठी. मी तोंड बाजूला वळवलं, श्वास घेतला आणि हफ सोडला. मग दुसरा. मग तो मोठा, फाटका खोकला, पोटापासूनचा. खाली कुठेतरी कुणीतरी खिडकी उघडल्याचं ऐकू आलं.

नात दचकली नाही. तिने एक मूठ उघडली, लेकीच्या मानेत तोंड खुपसलं आणि गाढ झोपली. आणि घरात माणूस झोपलेलं असताना मी आयुष्यात पहिल्यांदा मनसोक्त खोकले.